काठाची परख

सुगराबी : ...नऊ, दहा, अकरा. अकरा पेले. सहा सरळ काठाचे, पाच बाहेर वळलेल्या काठाचे. सरळवाल्यात एकाले कमरेशी पोचा हाय, जुना. वळलेल्यात एकाच्या बुडाले तडा होता, तो मी परवा सांधला, हा पाहा. फडकं एक, लाल, एका कोपऱ्याले जळलेलं. बरोबर हाय का, पाटील?

दौलतसिंग : मोजून कायले राह्यली? मी धनजहून मोजूनच निघालो.

सुगराबी : ते तुमच्या घरी मोजले. माह्या दुकानात मालकासमोर मोजल्याबिगर कोणाची चीज ठेवून घेत नाही. सासऱ्याची रीत हाय. तुमी अकरा म्हणा, मंग पुढचं बोलू.

दौलतसिंग : अकरा. झालं समाधान?

सुगराबी : झालं. पाटलीनबाई, तुमी उंबऱ्यात काहून उभ्या? या, पाटावर टेका.

दौलतसिंग : माय, तुले दमणीतच बस म्हटलं होतं ना?

गोमतीबाई : दमणीत ऊन लागून राह्यलं. बसते मी इथं. तुमचं चालू द्या.

दौलतसिंग : सुगराबी, काल काय करून ठेवलं तू, माहीत हाय?

सुगराबी : माहीत हाय. पण तुमी सांगा. तुमच्या तोंडून ऐकते.

दौलतसिंग : माह्या कमलीचा टिळा होता. शिरपूरचे होणारे व्याही उदयसिंग ओसरीवर बसलेले, सोबत तीस माणसं. मानाच्या अकरा माणसाईसमोर पेले मांडायचे, त्यातला एक तुह्याकडं सांधायले. सारे त्याच्यासाठी खोळंबले. तू आली, फडक्यातून पेला काढला, अन् साऱ्या सभेच्या देखत तोंडाले लावला!

सुगराबी : पेला कोरडा होता. प्याली नाही मी. काठाले ओठ लावला.

दौलतसिंग : एकच झालं ते.

सुगराबी : एक नाही, पाटील. पेणं वेगळं, पारखणं वेगळं. पण माही चूक झाली, ते कबूल. पारख दुकानात करायची अस्ते, गिऱ्हाइकाच्या ओसरीवर नाही. वाटेनं गाडी लय हिंदळली. देतादेता मनात आलं, काठ पुन्हा एकदा पाहून घ्यावा. हातानं आपलं काम केलं. तीस सालची खोड हाय.

दौलतसिंग : तुही खोड अन् माही इज्जत! उदयसिंगनं पेला खाली ठेवला. म्हणे, ज्या भांड्याले कारागिराचं तोंड लागते त्यात धनजचे पाटील पाणी पेत असतील, आमी नाही पेत. साऱ्या माणसाईले घेऊन न जेवता उठले. एवढं अन्न, ढोराईले घालावं लागलं.

गोमतीबाई : ढोरं खुश होते.

दौलतसिंग : माय!

सुगराबी : मंग आता माह्याकडून काय पाह्यजे?

दौलतसिंग : सोमवारी ते पुन्हा येणार हायत. मी हातापाया पडून कबूल करून घेतलं. तू धनजले ये. ओसरीच्या खाली उभी राह्य. अन् एवढंच सांग, की एका पेल्याले चुकून तोंड लागलं, तो पाटलानं भट्टीत आटवला, अन् बाकीच्या दहाले कधीच कोणाचं तोंड लागलं नाही. कुराणाची कसम घाल, अन् घरी जा. दमणी पाठवतो मी.

सुगराबी : चुकून लागलं, हे खरं. तो आटवला, हे बी खरं होईन, तुमी आटवला तं. तिसरी गोष्ट खोटी हाय.

दौलतसिंग : खोटी कशी?

सुगराबी : ह्या अकरात एकबी पेला असा नाही. हे सहा माह्या सासऱ्यानं केले, जमशेदमियानं. हे पाच माह्या मालकानं. वहाबचं पहिलं काम. सहाईले सासऱ्याचं तोंड लागलं, पाचाईले मालकाचं. एकदा नाही. काठ बसेपर्यंत चार चार खेपा.

दौलतसिंग : हळू बोल. बाहेर रस्ता हाय.

सुगराबी : रस्त्याले माहीतच हाय. ह्या गल्लीत कोणालेबी इचारा, चांदीचा पेला पुरा कसा करतात.

दौलतसिंग : पण कायले? बोटं नाहीत तुमाले?

सुगराबी : हायत ना. हे पाहा. ह्या अंगठ्यावर निखारा ठेवला तं तीन मोजेपर्यंत मले पत्ता लागत नाही. पेल्याचा काठ आधी कानशीनं घासायचा, मंग अकीकाच्या दगडानं घोटायचा. डोळ्याले गुळगुळीत दिसते. बोटालेबी तसाच लागते. पण केसाएवढी कच राह्यली अस्ते कुठंतरी. ती अशा बोटाले कळंन का? ओठाले कळते. ओठाले घट्टे पडत नाहीत.

दौलतसिंग : मंग एखादा आमच्यातला माणूस बसवायचा होता पारखायले. नाहीतं बामण.

सुगराबी : बसवा. तो सांगन कच कुठं हाय, मी तिथं घासीन. पण दिवसभर बसावं लागन त्याले. अन् पेला कोरडा अस्ते, वरून दक्षिणा काही टपकत नाही.

गोमतीबाई : ही ही! आपला लखमा भट तं पहिल्याच पेल्यावर झोपून जाईन.

दौलतसिंग : माय, तुले हसू येऊन राह्यलं? तुह्या नातीचं लग्न हाय हे.

गोमतीबाई : नातीचंच म्हणून आली. नाहीतं माह्या गुडघ्याईले काय हौस होती?

दौलतसिंग : सुगराबी, सीधी गोष्ट सांगतो. धनजात कोण कायच्यात पाणी पेते, हे कोणी आज ठरवलं नाही. मानाचे अकरा माणसं चांदीत. भाऊबंद पितळेत. बाकी गाव पळसाच्या द्रोणात. माह्या बापाच्या वक्तापासून हाय. हे अकरा पेले मांडले की दहा कोसातला माणूस ओळखते, हे पाटलाचं घर.

सुगराबी : अन् ओंजळ?

दौलतसिंग : कायची ओंजळ?

सुगराबी : ती बी ठरलेलीच हाय ना. काल तुमचे पाहुणे उठायच्या आधी मी पाणी मांगितलं. तीन कोस उन्हात गाडीत आली होती. तुमच्या घरच्या धरमसिंगनं मले गोठ्याजवळ नेलं अन् वरून धार सोडली. अर्धी ओंजळीत, अर्धी लुगड्यावर. ज्या हातानं पेला सांधला त्या हातात. मी तवा काही बोलली नाही. आज तुमी सारं ठरलेलं सांगून राह्यले, म्हणून आठवण देल्ली.

दौलतसिंग : ते सोड. तू सोमवारी येतं का नाही?

सुगराबी : येईन. खरं बोलायले बोलवत असान तं आत्ता येते.

दौलतसिंग : इचार कर. माह्या एका शब्दानं आमच्याकडच्या चार गावाचं काम तुह्या दुकानात येणं बंद होईन. लग्नाचे करदोडे, वाळे, सारं. दुसऱ्याकडं पाठवीन.

सुगराबी : पाठवा. तो बी काठाले ओठच लावन.

दौलतसिंग : एवढी मिजास? बरं. मंग ऐक. कसम घातली तं एक आटवतो, दहा वाचतात. नाही घातली तं अकराच्या अकरा आत्ता आटवतो, इथं, तुह्या डोळ्यासमोर. नवी भांडी घेतो अमरावतीहून, कारखान्याची. तूच मले म्हटलं होतं, असा वळलेला काठ आता कोणाले जमत नाही.

सुगराबी : म्हटलं होतं. खरंच हाय. मलेबी जमत नाही. मी सांधा देते, पोचा काढते, काठ राखते. पण सपाट पत्र्यातून असा काठ उचलून बाहेर फिरवणं वहाबलेच येत होतं. तो गेला अन् ते गेलं.

दौलतसिंग : मंग? तुह्या माणसाचं काम हाय हे. एका वाक्यानं वाचते.

सुगराबी : वाचत नाही, पाटील. तुमी म्हणता तसं मी बोलली तं पेले राह्यतील, पण ते कोणी केले? ज्यानं काठाले कधी ओठ लावला नाही अशा कारागिरानं. असा कारागीर माह्या घरात झाला नाही. तुमी वहाबचं काम वाचव म्हणता, अन् त्याच कामातून वहाबले पुसून टाक म्हणता. ते माह्यानं होणार नाही.

दौलतसिंग : म्हणजे आटवायचे?

सुगराबी : मालक तुमी हाय. भट्टी मी पेटवते. ही मूस पाहा, कितीशी हाय. एका खेपेले एकच पेला मावते, तोबी चेपून. अकरा खेपा होतील. दुपार जाईन.

दौलतसिंग : जाऊ दे.

सुगराबी : अन् एक. घडलेली चीज मोडायची तं आमी मोडत नाही. मालकानं मोडायची. घाव तुमचा, मुशीत टाकणं तुमचं. त्याच्या पुढचं माहं.

दौलतसिंग : ही कुठली नवीन रीत काढली?

गोमतीबाई : नवीन नाही ते. जुनंच हाय. मी मोडले होते ना माहे तोडे, ह्याच ऐरणीवर.

दौलतसिंग : तुहे तोडे?

गोमतीबाई : ही चांदी कुठून आली वाटते तुले? आभाळातून पडली? तुह्या बापाले पाटीलकी मिळाली. मनात आलं, देशमुखाकडं हायत तसे पेले आपल्याकडं पाह्यजे. माहे तोडे निघाले. तुह्या आजीचे गोट निघाले. तुह्या दोन्ही फुयाईचे, बापाच्या बहिणीचे, वाळे. छपन्याच्या दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट. माहं लग्न होऊन सहाच महिने झाले होते. इथंच आणून बसवलं मले. जमशेदमिया म्हणे, पोरी, तुही चीज हाय, तू मोड. मी मोडली. चार बायाईचे हातपाय उघडे झाले, तवा अकरा माणसाईले पाणी भेटलं.

दौलतसिंग : हे मले कोणी सांगतलं नाही.

गोमतीबाई : तू इचारलं नाही. अन् दुसरंबी सांगते. पेले झाले तवाबी मी संग आली होती. तुह्या बापाच्या समोर जमशेदमियानं पहिला पेला ओठाले लावला. थांबला. कानस फिरवली. पुन्हा लावला. मंग तुह्या बापाच्या हातात देल्ला. तुह्या बापानं आपल्या सुरईतलं पाणी ओतलं अन् प्याला.

दौलतसिंग : बाबा? गुलाबसिंग पाटील?

गोमतीबाई : दुसरा कोण बाप हाय तुले?

दौलतसिंग : काही बोलले नाहीत?

गोमतीबाई : बोलले ना. 'काठ चांगला हाय' म्हणाले.

दौलतसिंग : ...तवा कोणी पाह्यलं नव्हतं.

गोमतीबाई : मी पाह्यलं.

दौलतसिंग : तुहं पाहणं वेगळं, माय! काल तीस माणसाईनं पाह्यलं. उदयसिंगनं पाह्यलं. दुकानात बंद दाराआड काय झालं, त्याच्याशी कोणाले घेणं नाही. ओसरीवर झालं, ते मोडते माणसाले.

सुगराबी : आता तुमी खरं बोलले, पाटील. पेला बाटला म्हणून नाही, दिसला म्हणून आटवायचा.

दौलतसिंग : तू मले शिकवू नको. हातोडा दे.

सुगराबी : हा घ्या. जड हाय, दोन्ही हातानं धरा. कोणता आधी?

दौलतसिंग : हाच. तू सांधलेला. ह्याच्यानंच सारं झालं.

सुगराबी : आडवा ठेवा. असा नाही, घरंगळन. बूड माह्याकडं. हां. बोट सांभाळा.

(ऐरणीवर सहा घाव.)

दौलतसिंग : चेपून नाही राह्यला हा.

सुगराबी : पोट चेपलं. काठ उभा हाय अजून. तिथं वहाबनं पत्रा दुमडून दुहेरी घेतला. उगा वरवर मारू नका, त्याच्यानं नुसता वाकन. उजव्या अंगाले, जोर लावून. अजून. आणखी एक.

गोमतीबाई : सुगराबी, तुह्या मालकाचाच ना हा?

सुगराबी : व्हय.

गोमतीबाई : त्या पाचातला?

सुगराबी : पाचातला पहिला. बुडाशी त्याची खूण हाय, बारीक चांदणी. बाकीच्या चाराईवर नीट उमटली, ह्याच्यावर वाकडी. हात बसला नव्हता म्हणे अजून. बास, पाटील. आता मावन. टाका मुशीत. तुमच्याच हातानं.

दौलतसिंग : टाकला.

सुगराबी : आता भाता ओढा.

दौलतसिंग : मी? भाता?

सुगराबी : मले दोनच हात हायत. एकात चिमटा, एकात टाकणखार. कोळसा फुलला नाही तं चांदी पाणी होत नाही. तुमच्या गाडीवानाले बोलावू का?

दौलतसिंग : नको. त्याले कायले दाखवतं?

सुगराबी : मंग ओढा. फेटा काढून ठेवा आधी, ठिणगी बसन. झटके देऊ नका, एकसारखं. आत, बाहेर. आत, बाहेर. बैल पाणी पेते तसं.

गोमतीबाई : पाटीलकी आल्यापासून आमच्या घरात पहिला माणूस काम करून राह्यला.

दौलतसिंग : हस, हस. कमली कालपासून जेवली नाही, ते पाह्यलं का तू? दाराआड बसून हाय. हा टिळा मोडला तं तिच्या लग्नाची गोष्ट कोणी काढणार नाही. मी कोणासाठी करून राह्यलो हे? माह्या नाकासाठी?

गोमतीबाई : थोडं नाकासाठी. थोडं तिच्यासाठी. मी बसली होती तिच्यापाशी. रडून नव्हती राह्यली ती.

दौलतसिंग : मंग?

गोमतीबाई : इचारून राह्यली. म्हणे, आजी, शिरपूरच्या त्या घरात मले कायच्यात पाणी देतील?

दौलतसिंग : काय सांगतलं तू?

गोमतीबाई : मी म्हटलं, पितळेत. माणसाईचं झालं की. जसं आमी पेतो. अन् चांदीचे घासायले देतील. मी हे अकरा घासून राह्यली जवापासून आले तवापासून. चिंचेनं, राखेनं, रिठ्यानं. पोचा कशानं पडला, खोच कुठं हाय, बोटाले पाठ हाय माह्या. मंग तिनं इचारलं, अन् पाणी कसं लागते त्याच्यातलं? मले सांगताच आलं नाही.

सुगराबी : भाता थांबवू नका, पाटील.

दौलतसिंग : ओढूनच राह्यलो ना.

सुगराबी : हात थांबला होता. हां, आता चांदी पाणी होऊन राह्यली. पाहा, बुडाचा सांधा आधी गेला, मंग पोट. काठ शेवटी गेला.

दौलतसिंग : कुठं गेला? मले काही दिसत नाही.

सुगराबी : गेलाच म्हटलं मी. दिसन कसा? मूस वाकवते, बाजूले व्हा. ओतते साच्यात. ...झालं. एक संपला. आता दुसरा कोणता?

दौलतसिंग : थांब. दम घेऊ दे.

सुगराबी : दम घ्या. कोळसा फुललेला हाय, पण लय वेळ नका लावू. नाहीतं पुन्हा पेटवावं लागन.

गोमतीबाई : सुगराबी, तहान लागली बाई मले. ह्या भट्टीनं घसा कोरडा झाला.

दौलतसिंग : आपली सुरई भरलेली हाय दमणीत. आणतो.

गोमतीबाई : सुरईतलं नको. सुगराबी, तुह्याकडं पाणी हाय का?

सुगराबी : घडा भरलेला हाय, पाटलीनबाई. सकाळचं, आमच्या विहिरीचं. कसं देऊ? ओंजळीत?

गोमतीबाई : ओंजळीत काहून? हे दहा पडले ना समोर.

दौलतसिंग : माय, काय बोलून राह्यली तू? ही मुसलमानाची विहीर. हा पेला...

गोमतीबाई : पेला माह्या तोड्याचा हाय.

सुगराबी : देते. पण एक सांगून ठेवते, दोघाईलेबी. माह्या हातातून पेला जाईन तो काठ पाहूनच जाईन. दार उघडं हाय, रस्ता चालू हाय. मी लपून करणार नाही. चालते का?

गोमतीबाई : तुहं काम तू कर.

सुगराबी : हा घेते. सरळ काठाचा, कमरेशी पोचा हाय तो. ...थांबा. इथं काही हाय. पोचा पडला तवा वरचा काठ उचलला असंन. इतके साल कोणाच्या ओठाले टोचला नाही का हा?

दौलतसिंग : ...मले टोचते. उजवीकडून. मी फिरवून पेतो.

सुगराबी : सांगायचं होतं ना.

दौलतसिंग : मानाच्या पेल्याले टोचते म्हणून कसं सांगावं?

सुगराबी : बरं. कानस फिरवते. ...अजून हाय. ...आता नाही. एकदा पाण्यानं धुवून पाहते. ...नाही. झालं. घ्या, पाटलीनबाई. पुरा भरलेला हाय, सांडन.

दौलतसिंग : माय, नको. ऐक माहं. एक बार सुरईतलं पे, मी तुह्या पाया पडतो. माय. ...माय!

गोमतीबाई : अगं बाई.

सुगराबी : काय झालं? पुन्हा टोचला?

गोमतीबाई : नाही ना. थंड लागते. आधी चांदी थंड लागते, मंग पाणी. मले वाटलं होतं पितळेसारखंच असंन. पितळेची चव येते पाण्याले. ह्याची काहीच येत नाही. नुसतं पाणी लागते.

दौलतसिंग : काय करून बसली तू? लोकाईले कळलं तं...

गोमतीबाई : तं मलेबी आटव. मूस मोठी पाह्यजे, एवढंच.

दौलतसिंग : गंमत नाही हे.

गोमतीबाई : मी गंमत करून नाही राह्यली. सोमवारी उदयसिंग आले की हे दहाच्या दहा मांड. त्याईले सांग, ह्या साऱ्या पेल्याईले कारागिराचं तोंड लागलं, माह्या बापाले माहीत होतं, तो प्याला. माह्या मायनं पाह्यलं, तीबी प्याली. ज्याले चालते तो पेईन. ज्याले नाही चालत त्याच्यासाठी पळसाचे द्रोण लावून ठेव. ताजे, हिरवे. पाहुण्याची गैरसोय नाही झाली पाह्यजे.

दौलतसिंग : उदयसिंगच्या हातात द्रोण? गावासारखा?

गोमतीबाई : त्याच्या हातात काय घ्यायचं ते तो ठरवन.

दौलतसिंग : अन् टिळा वापस केला तं?

गोमतीबाई : तं कमलीले इचारू. आतापर्यंत तिलेच कोणी इचारलं नाही.

सुगराबी : पाटील, कोळसा उतरून राह्यला. दुसरा टाकता का? हातोडा तुमच्याच हातात हाय. वळलेल्या काठाचे चार हायत अजून, सरळवाले सहा. मी अडवत नाही. पण कसम मी घालणार नाही, हे पहिल्याच पेल्यावर सांगतलं. दहाव्यावरबी तेच सांगीन.

दौलतसिंग : तुले काहीच वाटलं नाही का? त्याचा पहिला पेला. मी मारत होतो, तू सांगत होती कुठं मार.

सुगराबी : उगाच वाकडा मारला असता तं आणखी चार घाव पडले असते त्याच्यावर.

दौलतसिंग : ...घे. ठेव हा हातोडा.

सुगराबी : ठेवला. मंग बांधू का हे?

दौलतसिंग : बांध.

सुगराबी : अन् सोमवारी?

दौलतसिंग : मी काही तुले बोलावून नाही राह्यलो.

गोमतीबाई : मी बोलावते. ये. ओसरीच्या खाली नाही, वर ये. पोच्याचा पेला तुह्यासमोर ठेवते.

दौलतसिंग : माय, उठ आता. बैल खोळंबले. ...सुगराबी, ते साच्यातलं?

सुगराबी : थंड झालं. चिमट्यानं काढते. हे पाहा, काजळी हाय वरून, आत पांढरी हाय. तोलून देते, तराजू समोर करा.

दौलतसिंग : किती भरते?

सुगराबी : नऊ तोळे, चार मासे, दोन गुंजा.